चौथ्या भागात गिळलेला चंद्र

त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते. एक टाळूच्या जरा डावीकडे, दुसरा त्याच्या खाली, मानेकडे सरकलेला. वरचा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरलेला, खालचा उलटा. दोघांच्या मधे केसांची एक बारीक रेघ होती. कुठल्या बाजूला वळायचं हे त्या केसांना ठरवता आलं नव्हतं. मी हे इतकं नेमकं सांगू शकते, कारण पुष्कळ दिवस मला त्याचं एवढंच दिसत होतं. चेहरा जमिनीकडे होता.

मी डोळ्यांच्या रुग्णालयात काम करते. डॉक्टर नाही, डोळ्यांची मापं घेणारी. नंबर, आतला दाब, पडद्याची जाडी. पुढे काय करायचं हे डॉक्टर माझ्या आकड्यांवरून ठरवतात, म्हणून आकडा चुकू द्यायचा नाही, एवढं एकच मी पाळते. सहकारी मला मोजपट्टी म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि आता मीसुद्धा फोन उचलून कधी कधी 'मोजपट्टी बोलतेय' म्हणते.

त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा फाटून सुटला होता. ऑपरेशन करून आत वायूचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा नेहमी वर जाणार, आणि पडदा असतो डोळ्याच्या मागच्या अंगाला. त्यामुळे बुडबुड्याने पडदा दाबून धरायला हवा असेल तर माणसाने पालथं राहायचं. जेवताना मान खाली, चालताना मान खाली, झोपायचं तेही पालथं. लांबून आलेल्या रुग्णांसाठी रुग्णालयाच्या मागे चार खोल्या आहेत. त्यातल्या शेवटच्या खोलीत, चेहऱ्यासाठी भोक ठेवलेल्या पलंगावर तो होता, आणि सोबत त्याची मावशी.

त्या दुपारी मी दाब मोजायला गेले, तर पलंगाखाली, भोकाच्या बरोबर खाली, फरशीवर एक जाड पुस्तक उघडं पडलेलं. शेजारी बुटक्या स्टुलावर मावशी बसलेल्या, हातात स्वेटर विणायची लांब सुई.

"पुढचं," पलंगाखालून आवाज आला. मावशींनी सुईच्या टोकाने पान उलटलं.

पानाच्या माथ्यावर नऊ फांद्यांच्या झाडाचं लहानसं चित्र होतं. ते मी खोलीच्या दारातून ओळखलं. तरीही मी आधी माझं काम केलं.

"वाचायला मनाई आहे," मी म्हणाले.

"चांगल्या डोळ्याने वाचतोय."

"एक डोळा फिरला की दुसराही फिरतो. पट्टीखाली असला तरी."

मी खाली वाकून पुस्तक उचललं. मावशींचा चेहरा एकदम मोकळा झाला. कितीतरी दिवस त्यांना पान उलटायच्या कामातून कुणीतरी सोडवायला हवं होतं.

"नेताय?" तो म्हणाला.

"हो."

"निदान एवढं तरी सांगा... रुनार विहिरीपर्यंत पोचतो का?"

इथे मी नियमाचं काहीतरी बोलायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, "सहाव्या भागात नाही पोचत."

मग फरशीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "मावशी, या करड्या बुटांना बसायला खुर्ची दे."

---

'नऊ फांद्यांचं झाड' या कादंबरीमालेचे सात भाग आहेत. नॉर्स पुराणकथांवर बेतलेलं जग आहे: नऊ लोक तोलून धरणारा एक अफाट वृक्ष, त्याच्या मुळाशी कुरतडणारा सर्प, शेंड्यावर गरुड, आणि दोघांमधे खालीवर धावत एकाच्या शिव्या दुसऱ्याला नेऊन पोचवणारी एक खार. या सगळ्याचा शेवट ठरलेला आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. एक लांडगा सुटणार आणि सारं गिळणार. रुनार नावाच्या राजाने पहिल्याच भागात हे भविष्य कळावं म्हणून आपला एक डोळा ज्ञानाच्या विहिरीला दिलेला असतो. पुढचे सहा भाग तो एका डोळ्यानिशी लढतो. मी हे कॉलेजात वाचायला घेतलं, कारण वर्गातली एक मुलगी म्हणाली होती की असलं वाचणं वेळ घालवणं आहे, आणि मला कुणी न मोजता निष्कर्ष काढला की राग येतो.

तर ठरलं असं, की माझं काम चारला संपलं की मी अर्धा तास येऊन वाचून दाखवायचं. मुख्य परिचारिकेला सांगितलं. ती म्हणाली, तो पुस्तकाच्या निमित्ताने तरी मान खाली ठेवेल, वाच बाई.

तो टॉवर क्रेन चालवायचा. बांधकामावर सगळे त्याला घार म्हणत. दुपारी खाली उतरून परत चढण्यात जेवायची सुट्टी संपते, म्हणून तो डबा वरच खायचा आणि तिथेच वाचायचा. पहिले पाच भाग त्याने जमिनीपासून तितक्या उंचीवर वाचले होते. वारा असला की केबिन डुलते, तो सांगत होता, तेव्हा झाडाच्या शेंड्यावर बसल्यासारखंच वाटतं. खालची माणसं दिसतात, पण त्यांचं बोलणं वर येत नाही. ते वॉकीटॉकीवरून येतं, आणि ज्याच्या हातात तो असतो तो मधे आपला चार शब्दांचा मीठमसाला घालतोच.

आमच्या खोलीत ते काम मावशींकडे होतं.

"मावशी, तिला सांग, 'रुनार' हा शब्द ती रक्ताचा रिपोर्ट वाचल्यासारखा वाचते."

"अरे ती इथेच बसलीय."

"मावशी, त्यांना सांगा, रिपोर्ट तरी लोक लक्ष देऊन ऐकतात."

"तुम्ही दोघं बोला, मी भाजी चिरते," म्हणून मावशी उठायच्या आणि दारापर्यंत जाऊन परत यायच्या, कारण गोष्टीत काय होतंय हे आता त्यांनाही ऐकायचं असायचं. एकदा त्याच्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "दोन भोवऱ्यांचा माणूस दोन लग्नं करतो म्हणतात. या कार्ट्याचं एकही होईना." भोकाच्या कडेला दिसणारे दोन्ही कान लाल झाले. मी पान शोधायला लागले, जरी ते उघडंच होतं.

त्याला माझं काय दिसत असेल? बूट. मी खुर्ची थोडी पुढे घेतली तर पायघोळ पँटच्या कडा. तपासणीच्या वेळी तो मान वर करायचा, पण तेव्हा मी यंत्राच्या आड, अंधाऱ्या खोलीत, आणि त्याच्या बाहुल्या औषधाने मोठ्या केलेल्या. त्याच्या दृष्टीने मी एक धूसर डाग होते, ज्याला आवाज होता.

एका दुपारी वाचता वाचता माझ्या बुटाला काहीतरी लागलं. त्याचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि बोटं माझ्या सुटलेल्या नाडीकडे येत होती. पहिल्यांदा ती नाडीच्या अलीकडेच बंद झाली, हवेत. मग जरा पुढे आली आणि पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा त्याने आधी फरशीला हात टेकला, मग चाचपत नाडीपर्यंत आणला.

मी वाचत राहिले. थांबले असते तर त्याला कळलं असतं की मी पाहिलं.

एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे मी रोज रुग्णांना समजावते. दोन डोळे दोन वेगळ्या कोनांतून बघतात, म्हणून खोली कळते. जिना, पायरी, कपाची कड. आणि लोखंडी तुळई जिथे उतरवायची ती जागा, जिच्या आसपास माणसं उभी असतात.

त्याने दोन्ही टोकं ओढून गाठ बांधली. "सुटणार नाही," तो म्हणाला. "आमच्या गाठी सुटत नाहीत."

"मग रात्री बूट काढायचे कसे?"

"उद्या इथे येऊन सोडवून घ्यायची."

तो मला कधीपासून अगं म्हणायला लागला आणि मी त्याला अरे, हे मला नक्की सांगता येत नाही. एवढी एकच गोष्ट त्या दिवसांतली मी मोजली नाही.

---

आम्ही सातव्या भागाच्या मधोमध होतो, जो मीही आधी वाचला नव्हता, तेव्हा एका बुधवारी मी त्याच्या पडद्याचा नकाशा काढला. यंत्रातून रंगीत चित्र उमटतं. पडदा जिथे नीट चिकटलेला असतो तिथे रेघ सपाट दिसते. त्याची रेघ खालच्या कडेला उचलली गेली होती. मी परत काढला. हनुवटी नीट टेकव म्हटलं, तिसऱ्यांदा काढला. तीच रेघ.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

"तुझा आवाज बदलला."

मी चित्र साठवलं. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता.

डॉक्टरांनी मावशींना बसवून, त्याच्यासमोरच सांगितलं. व्रणाचा पापुद्रा धरलाय आणि तो पडद्याला ओढतोय. दुसरं ऑपरेशन करायला हवं, या वेळी वायूऐवजी तेल घालायचं. परत पालथं. दिसेल का? निम्मी शक्यता, त्याहून थोडी कमीच धरा. नाही केलं तर तो डोळा हळूहळू विझणार, त्यात शक्यता वगैरे काही नाही. आणि निर्णय सोमवारी सकाळपर्यंत हवा, पुढे पापुद्रा घट्ट होत जातो.

एका डोळ्याच्या माणसाला क्रेनवर बसू देत नाहीत. हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

त्याने डॉक्टरांना सांगितलं, विचार करून सांगतो. गुरुवारी सकाळी त्यांनी परत विचारलं तेव्हाही तेच. मावशींनी विनवलं, रागावून पाहिलं, अबोला धरला. शेवटी तो म्हणाला, पुस्तक संपू दे, मग सांगतो. मावशी बाहेर येऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, असा कसा गं हा, डोळा जातोय आणि याला गोष्टीची पडलीय.

त्या दुपारी मी पुस्तक उघडलंच नाही. खुर्चीत बसले आणि त्याला विचारलं, तुझ्या मनात काय आहे ते सांग.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "गेला म्हटलं की माणूस मोकळा होतो. कंपनी खाली काम देईल, गोदामात. बसून करायचं, पगार कमी, पण ठरलेलं. आणि हे परत करायचं म्हणजे... परत फरशी बघायची. रोज सकाळी उठून बघायचं, आज उजेड वाढलाय का. आणि शेवटी तुझ्या त्या यंत्रात तीच रेघ." त्याचा हात पलंगाच्या कडेवरून खाली आला आणि उगाच हवेत उघडला, मिटला. "आशा धरून पालथं पडायला फार जोर लागतो गं. एकदा केलं मी. परत आहे का तेवढा, मला माहीत नाही."

"मग पुस्तकाचं काय?"

"रुनार परत विहिरीकडे निघालाय ना. डोळा परत मागायला. लांडग्यावर भाला टाकायचा तर अंतर कळायला हवं." तो थोडं हसला. "माझ्यासारखाच अडलाय बिचारा. बघू या, त्याचं काय होतं."

"असं गोष्टीवरून ठरवतात का?"

"मग तू सांग. तू काय केलं असतंस?"

"मापं घेणाऱ्याने सल्ला द्यायचा नसतो," मी म्हणाले. ते खरं होतं. पण ते माझ्या कामाचं वाक्य होतं आणि मी ते ढालीसारखं समोर धरलं होतं.

---

त्या संध्याकाळी बसमधे मी पुढचं वाचलं. माझा थांबा गेला, तो मला दोन थांब्यांनंतर कळला.

रुनार विहिरीपाशी पोचतो. विहीर सांगते, काठावर पालथा पड, तोंड पाण्याकडे कर, आणि थांब. तो थांबतो. बर्फ पाठीवर साचतं. लेखकाने ते सगळं फार बारकाईने लिहिलंय: खांदे भरून येणं, आपल्याच श्वासाचा नाकावर होणारा ओलावा, वेळ कळेनासा होणं. मी ते वाचत होते आणि मला खोलीतला पलंग दिसत होता. आणि मग सकाळ होते. पाणी काही बोलत नाही. डोळा परत मिळत नाही. रुनार उठतो. प्रकरण संपतं.

मी पुस्तक मिटून बसले. हे त्याला वाचून दाखवायचं? उद्याच? सोमवारच्या तोंडावर?

शुक्रवारी दुपारी मी पुस्तक उघडलं, योग्य पानावर नजर ठेवली, आणि त्या पानावर जे नव्हतं ते वाचायला लागले.

मी आयुष्यात कधी गोष्ट रचलेली नाही. मला ते येत नाही. पण बसमधून उतरून घरी जाईपर्यंत, मग स्वयंपाक करताना, मग सकाळी रुग्णांच्या बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघताना मी ते प्रकरण मनात जुळवलं होतं. रुनार काठावर पालथा पडतो. पाणी स्थिर होतं. ढग सरतात, चंद्र वर येतो, आणि पाण्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो... आधी एका डोळ्याचा, मग हळूहळू दोन डोळ्यांचा. मी आवाज सपाट ठेवला. रिपोर्टसारखा. मावशी दारात कोथिंबीर निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

"आज इथे थांबू," मी म्हणाले.

तो काही बोलला नाही. नेहमी बोलायचा. छान म्हणायचा, नाहीतर लेखकाला नावं ठेवायचा. मी म्हटलं, दमलास का, तर फक्त "हं" आलं.

शनिवारी मी आणखी थोडं रचलं. रुनारला डोळा मिळाला, तो वाटेला लागला. पुस्तकाचं पान ओल्या बोटांना चिकटत होतं. मावशींनी मला जाताना दारात गाठून दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच म्हणाल्या की हा नक्की हो म्हणणार बघ आता. मला त्यांच्याकडे बघवेना.

रविवारी माझी सुट्टी होती. मी तरीही गेले. मावशी खालच्या उपाहारगृहात चहा आणायला गेल्या होत्या. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, फरशीवर उन्हाचा एक पट्टा, पट्ट्याच्या कडेला त्याचा लोंबणारा हात. मी बसले, पुस्तक उघडलं.

"तो चंद्र कुठून आला?" तो म्हणाला.

"कुठला?"

"विहिरीवरचा. चंद्र चौथ्या भागात लांडग्याने गिळलाय. त्यानंतर या जगात चंद्र नाही. लोक पेटत्या मुळांच्या उजेडात चालतात, तीन भाग झाले."

मी पुस्तकाकडे पाहिलं. तिथे अर्थातच चंद्र नव्हता. मला चौथा भाग चांगला आठवत होता. पण मला पाण्यात प्रतिबिंब दाखवायचं होतं, आणि उजेड नसेल तर प्रतिबिंब दिसणार कसं? मी प्रकाशाची सोय केली होती. सवयीने. तो कुठून येतोय हे बघायचं राहून गेलं.

"शुक्रवारीच कळलं?" मी विचारलं.

"चंद्र उगवला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"आधी म्हटलं, बघू तरी ही त्याला कशी वाचवते." त्याच्या आवाजात हसू होतं, पण ते टिकलं नाही. "तुला खोटं बोलता येत नाही. प्रत्येक वाक्याआधी तू श्वास घेत होतीस. ऐकायला... बरं वाटत होतं, काय सांगू. माझ्यासाठी कुणी कधी एवढी मेहनत करून खोटं बोललं नव्हतं." तो थांबला. "मग रात्री लक्षात आलं, की तू बदललंस म्हणजे खऱ्या पुस्तकात वाईट आहे. किती वाईट, ते तू सांगितलं नाहीस. मग ते मीच ठरवत बसलो. शुक्रवारी तो विहिरीत बुडाला. काल त्याचा दुसराही डोळा गेला. तू न वाचलेली पानं मी त्याहून वाईट वाचली."

मी चांगलं करायला गेले होते. एका माणसाला दोन दिवस अंधारात बसवलं, एवढंच केलं.

"मला वाटलं, तू त्यावरून नाही म्हणशील," मी म्हणाले. "मला भीती वाटली."

"वाच आता. जे आहे ते."

मी वाचलं. आवाज दोनदा फाटला, पण मी थांबले नाही. बर्फ, खांदे, नाकावरचा ओलावा. त्याच्या पाठीचा श्वास कुठे संथ होतो आणि कुठे अडतो हे मला दिसत होतं. सकाळ झाली. पाणी बोललं नाही. रुनार उठला, अंगावरचं बर्फ झटकलं, भाला उचलला आणि डोंगर उतरायला लागला. मी पुस्तक मिटलं.

"म्हणजे काहीच नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही."

"मिळालंही नाही, गेलंही नाही."

"नाही."

"तो पस्तावतो का? पुढे कुठे म्हणतो का, उगाच गेलो म्हणून?"

मी पुढची पानंही वाचली होती. "नाही म्हणत. त्याबद्दल तो परत बोलतच नाही. लढायला जातो."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. तो आवाज कॉरिडॉरभर लांबत गेला आणि विरला. मग तो म्हणाला, "उद्या सकाळी डॉक्टर विचारतील. त्याआधी मापं तूच घेणार ना?"

"नाही."

"का?"

हे मी शुक्रवारीच करायला हवं होतं. मी आज सकाळी फोन करून केलं होतं. "तुझी फाइल मी माझ्या सहकाऱ्याकडे दिलीय. तो चांगला आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

"मी काही चुकलो का?"

"बुधवारी मी तो नकाशा तीनदा काढला," मी म्हणाले. "पहिल्यांदाच स्वच्छ आला होता. तरी मी तुला हनुवटी टेकव म्हटलं, परत काढला, परत काढला. कारण मला ती रेघ सपाट यायला हवी होती. कुठल्याही रुग्णाच्या बाबतीत मला असं कधी वाटलेलं नाही. मी बघते ते लिहिते." मी थांबले. बोलायला फार अवघड जात होतं, आणि त्याला माझा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच ते जमत होतं. "ज्याला एखादा आकडा चांगला यायला हवा असतो, त्याने तो मोजायचा नसतो. आणि मला तुझा... मला तुझं सगळं चांगलं यायला हवंय. म्हणून मी तुझे डोळे मोजू शकत नाही. यापुढे कधीच."

भोवऱ्यांमधली ती रेघ उन्हात चमकत होती. मला वाटलं, उठून जावं.

"मावशी असती तर म्हणाली असती, एवढ्या लांबून कशाला सांगते," तो शेवटी म्हणाला. आवाज जाड झाला होता. "सरळ सांग म्हणावं."

"सरळच सांगितलं. यापेक्षा सरळ मला येत नाही."

"कळलं मला." त्याचा हात वर आला, माझ्या दिशेने, आणि अर्ध्यावर थांबला. या वेळी मी चुकू दिला नाही. माझा हात पुढे नेला. त्याची बोटं गार होती. इतके तास खाली लोंबली की होतातच. त्याने माझा हात नुसता धरला नाही, अंगठ्याने बोटं एकेक करून चाचपली, जशी एखादी जागा माणूस ओळखून ठेवतो.

"आता तू मोजत नाहीस," तो म्हणाला. "आता सल्ला द्यायला हरकत नाही. करू की नको?"

"नाही सांगणार."

"अगं..."

"मी कर म्हटलं आणि नाही दिसलं, तर तू मला कधी काही बोलणार नाहीस, आणि मी ते रोज ऐकेन. नको म्हटलं तर तू वर चढणारच नाहीस, तेही माझ्यामुळे." मी हात काढून घेतला नाही. "तू कुठलंही उत्तर दे. मी चारला येणारच आहे. डोळा असला तरी, नसला तरी. हे उत्तरावर ठरत नाही. ते आधीच ठरलंय."

"कधी?"

"माहीत नाही. मोजलं नाही."

तो हसला. पहिल्यांदा मोठ्याने, आणि लगेच स्वतःला आवरलं, कारण डोकं हलवायचं नव्हतं. मग हसणं गेलं. श्वास खोल झाला. मी त्याची पाठ वर येताना आणि खाली जाताना बघत राहिले. दार ढकलून मावशी आत आल्या, दोन्ही हातांत चहाचे पेले, आणि आमचे हात बघून जागच्या जागी थबकल्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

"मी पुस्तकावरून ठरवत नाहीये," तो म्हणाला. हे कुणाला उद्देशून होतं कळलं नाही, कदाचित आम्हा दोघींना. "आणि तुझ्यावरूनही नाही, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"जोर आहे का नाही, ते पडून राहिल्याशिवाय कळत नाही. मी इथे झोपून नुसता हिशेब करत बसलो होतो." त्याने एक श्वास घेतला, आणि माझ्या हातावरची पकड घट्ट झाली.

"ऑपरेशन करायचं," तो म्हणाला.